फाळक्याच्या चतुःसीमा

भांड्यांवर नाव घालणारा नत्थुजी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो. "देणाऱ्याचं का घेणाऱ्याचं?"

*

दस्तात मिळकतीच्या चारही बाजू लिहाव्या लागतात. तीनच लिहिल्या तर चौथ्या बाजूने मिळकत गळून जाते, असं मला हे काम शिकवणारे गृहस्थ म्हणत.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू सगळ्यांना हवा असतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तोच झेंडू चौकात ढिगाने पडलेला असतो आणि गाई तो हुंगून पुढे जातात.

*

आमच्या दारासमोर एका बाजूला विजेचा खांब आहे, दुसऱ्या बाजूला किसनरावांचा ओटा. खांब सरकारी, ओटा खाजगी. दोन्ही हलत नाहीत. ओट्यावर बसलेले किसनरावही हलत नाहीत.

*

"भाऊ, झोपले काय? नाई, तसं काई नाई. गाडी हाये. फक्त मांगचा फाळका नाई हाये."

*

शेवटचं वाक्य देवानंदचं, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांचं. गोष्ट तिथून सुरू करायला हवी होती, पण मी दस्तलेखक आहे. आधी पक्षकार, मग मिळकत, मग मजकूर, अशी सव्वीस वर्षांची सवय आहे. अकोटला निबंधक कार्यालयाच्या बाहेर कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. पक्षकार वर आलेच आहेत. आता मिळकत.

फाळका म्हणजे पिकअप गाडीच्या मागची लोखंडी झडप. वर केली की भिंत, खाली सोडली की पाट. दोन बाजूंना दोन खिट्ट्या, खाली दोन बिजागऱ्या. खिट्ट्या काढा, फाळका जरासा सरकवा, तो तुमच्या हातात. गाडी बनवणाऱ्यांनी दारांना कुलूप दिलं, डिझेलच्या टाकीला कुलूप दिलं, इंजिनाला किल्ली दिली, आणि मागच्या बाजूला येईपर्यंत त्यांची जेवणाची सुट्टी झाली असावी.

गाडी रागिणीची. रागिणी माझी धाकटी बहीण, हिवरखेडला दिलेली. तिथे त्यांची भाजी आणि झेंडू असतो. शेत जावईबापू पाहतात, बाजार रागिणी पाहते. हिवरखेडची तिची गल्ली अशी आहे, की समोरून म्हैस आली तर माणसाने कोणाच्या तरी घरात शिरावं. गाडी तिथे जात नाही. ड्रायव्हर देवानंद अकोटचा. म्हणून गाडी मुक्कामाला आमच्या दारात. देवानंद सकाळी ती हिवरखेडला नेतो, माल भरून बाजारात आणतो, आणि संध्याकाळी खांब आणि ओटा यांच्यामधल्या फटीत तीन हिसक्यांत बसवतो. देवानंद पन्नाशीचा आहे. प्रत्येक हिसक्याला तो गाडीच्या कंपनीची, खांबाची आणि ओट्याची अनुक्रमे आठवण काढतो.

गाडी घेतली तेव्हा आठ-दहा माणसांसमोर मी रागिणीला म्हणालो होतो, "माझ्या दारातून टाचणी जाणार नाही."

टाचणी गेली नाही. हे मी आजही शपथेवर लिहून द्यायला तयार आहे.

आता जे लिहितो आहे ते दस्तात येत नाही. लग्नानंतर अठरा वर्षं रागिणी आमच्याकडे वर्षातून दोनदा येत होती, राखीला आणि भाऊबीजेला. गाडी आल्यापासून रोज येते. बाजार आटोपून गाडीबरोबर येते, किल्ली दाराजवळच्या खुंटीला लावते, चहा पिते, माझ्या पोटाच्या वाढत्या घेराबद्दल बोलते आणि सातच्या एसटीने हिवरखेडला जाते. वीस मिनिटं. अनुपमा, म्हणजे माझी पत्नी, साडेपाचलाच चहाचं आधण ठेवते आणि त्यात पाणी घालत राहते.

फाळका गेला त्या संध्याकाळी रागिणी रागावली नाही. तेच वाईट होतं. ती गाडीच्या मागे उभी राहिली, उघड्या तोंडासारख्या त्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, दसऱ्यापर्यंत पाहू. नाही जमलं तं गाडी आमच्या चुलत दिराच्या शेडमंदी लावा लागन. गावाबाहेर हाये, पण त्याले फाटक हाये, चौकीदार हाये. देवानंद बशीनं येईन-जाईन."

"म्हणजे तू इकडे..."

"इकडं मंग कायले येऊ? माल तिकडूनच बाजारात जाईन."

अनुपमाने खुंटीकडे पाहिलं. दसऱ्याला तीन आठवडे होते. मी त्याच क्षणी ठरवलं, की ह्या गाडीला फाळका लागेल आणि तो फाळका ह्या पृथ्वीवर कोणी हलवू शकणार नाही.

*

सल्ले.

किसनराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आहेत. गल्लीतून कोण किती वाजता गेलं, हे त्यांना अजून मिनिटासह पाठ असतं. त्यांच्या ओट्यापासून हातभर अंतरावरचा फाळका जावा, हा त्यांना व्यक्तिगत अपमान वाटला.

"उद्धवभाऊ, एकतीस वर्षं नोकरी केली. माह्या डेपोतून एका बशीचा दरवाजा गेला नाई."

"काका, चोराने तुमच्याच ओट्यावर बसून खिट्ट्या काढल्या असतील. सोय चांगली आहे."

"माह्या ओट्यावर? माह्या ओट्यावर चोर बसते?" त्यांनी ओटा धुऊन काढला. मग मूळ मुद्द्यावर आले. गेले सहा महिने ते एकच मूळ मुद्दा मांडत होते. "तरी मी म्हणो, हे लहान खेळणं घेतलंच काहून? मोठी पिकअप घ्या लागत होती. तिचा फाळका दोघांच्यानं उचलल्या जात नाई. लहान गाडीत माल डोक्याइतका वर रचा लागते. मांग फाळका नसन तं सारा रस्त्यावर."

हे खरं होतं. मोठी का घेतली नाहीस, हे मीही रागिणीला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "हे बरी हाये."

*

तक्रार.

ठाण्यावरच्या जमादारांनी कागद पुढे ओढला. "गाडी गेली?"

"नाही. फाळका."

"गाडीतला माल गेला?"

"नाही. माल आत ठेवायचा असतो ना, तो फाळका."

"त्याचा नंबर?"

"फाळक्याला नंबर नसतो."

"मग ओळखायची खूण? तीळ, व्रण, काही?" जमादार गंभीर होते. हा रकाना माणसांसाठी होता, पण रकाना होता. "साहेब, उद्या सापडला, तर हा तुमचाच हे आम्ही कशावरून म्हणायचं? सगळे फाळके सारखेच."

त्यांनी लिहिलं: एक लोखंडी झाकण. मला राहवलं नाही. मी म्हणालो, झाकण वरून असतं, हे मागून आहे. शिवाय वर्णनात रंग, मोजमाप आणि सद्यस्थिती हवी. जमादारांनी पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच लिहा." मी दोन पानं लिहिली. त्यांनी ती पूर्ण वाचली आणि म्हणाले, इतकी चांगली तक्रार ह्या ठाण्यात यापूर्वी आलेली नाही. फाळका मिळाला नाही.

विम्याच्या कार्यालयात फोन लावला. तिकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, गाडी चालते ना?" मी म्हटलं, चालते. "मग अभिनंदन, सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पण जमादारांचा शब्द माझ्या डोक्यात बसला होता. ओळखायची खूण.

*

नवा फाळका अकोल्याहून आणला. जुन्या सुट्या भागांच्या दुकानात एका भिंतीला पन्नासेक फाळके पुस्तकांसारखे उभे लावलेले होते. मी एकेक निरखून पाहू लागलो तेव्हा दुकानदाराने सहानुभूतीने विचारलं, "तुमचाच पाहिजे, की कोणताही चालेल?" मी तिथून निघालो आणि नव्या भागांच्या दुकानातून कोरा, पावतीसह, विकत घेतला. पावती माझ्या नावावर. फाळका माझ्या दारातून गेला होता, तर भरपाई मी करणार, हे उघड होतं.

परतीच्या एसटीत वाहकाने तो पाहिला आणि म्हणाला, हे सामानात बसत नाही. मी म्हटलं, सामानात नाही, टपावर बसेल. तो म्हणाला, टप बंद आहे. शेवटी फाळका आडवा माझ्या मांडीवर, माझ्या शेजारच्या माणिकबाईंच्या मांडीवर आणि त्यांच्या शेजारच्या अनोळखी गृहस्थांच्या मांडीवर, असा अकोटपर्यंत आला. माणिकबाई भाजी विकून घरी चालल्या होत्या. त्यांनी त्यावर उरलेल्या शेंगा सोलून घेतल्या.

*

बंदोबस्त पहिला: साखळी आणि कुलूप. साखळी म्हशीला बांधायची, कुलूप दुकानाच्या शटरचं. किल्ली मी माझ्याकडे ठेवली, कारण किल्ली दुसऱ्याकडे देणं हा बंदोबस्ताचा पाया खणणं आहे. दुसऱ्या दिवशी बाजारात टोमॅटो गाडीत आणि किल्ली माझ्या खिशात, कडुनिंबाखाली. देवानंदने सत्तावीस क्रेट बाजूच्या फळीवरून उतरवले. संध्याकाळी तो मला म्हणाला, "भाऊ, चोराले कुलूप, हे समजलं. पण मी चोर नाई."

बंदोबस्त दुसरा: वेल्डिंग. वेल्डरने विचारलं, कुठे चिटकवू? मी म्हटलं, जिथे जिथे हलतो तिथे तिथे. फाळका हलायचा थांबला. उघडायचाही थांबला. ही बाब माझ्या लक्षात आली नव्हती असं नाही. मला वाटलं, त्यावर पुढे विचार करता येईल. रागिणी म्हणाली, "दादा, हे तं आता टपरी झाली." दोन दिवसांनी वेल्डिंग कापलं.

बंदोबस्त तिसरा: भोंगा. फाळक्याला धक्का लागला की ओरडणारा. किसनराव रात्री जेवून ओट्यावर लवंडतात आणि झोपेत त्यांचा पाय लांब होतो. तीन रात्री भोंगा वाजला. तिन्ही वेळा किसनरावांनी दचकून "सुटली, सुटली!" असं ओरडत बस सोडली. चौथ्या दिवशी त्यांच्या सूनबाई भोंगा हातात घेऊन आल्या आणि अनुपमाकडे देऊन गेल्या.

बंदोबस्त चौथा: रोज संध्याकाळी फाळका काढून घरात आणायचा. हा सगळ्यात साधा उपाय, आणि तो आठ दिवस चाललाही. मग भुलाबाईच्या खेळाला गल्लीतल्या बायका आमच्याकडे जमल्या. अनुपमाने बैठकीत कोपऱ्यातला फाळका चादरीने झाकला होता. एकीने हळूच विचारलं, "कोणी आजारी हाये काय?" त्या रात्री अनुपमा म्हणाली, "अहो, एक तर तो राहील नाहीतर मी." तिने हे हसत म्हटलं, पण फाळक्याकडे पाहून म्हटलं.

दसऱ्याला सहा दिवस राहिले होते. मी हरलो नव्हतो. फक्त माझे उपाय लोखंडाचे होते आणि माझा धंदा शब्दांचा आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

*

नत्थुजीचं बस्तान भांड्यांच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर आहे. हातात वळवळणारी विजेची सुई, पुढ्यात नव्या नवरीच्या आहेराची भांडी. आमच्याकडे लग्नात दिलेल्या ताटावर देणाऱ्याचं नाव असतं. त्यामुळे तीस वर्षांनीही कळतं, की हा भाताचा गंज मामाने दिला आणि ही पितळी आत्याने, आणि कोणी काहीच दिलं नाही हेही कळतं. शेजारी गेलेलं भांडं नावामुळे परत येतं. माझ्या अख्ख्या योजनेचं बीज ह्यात होतं. नाव घातलेलं भांडं कोणी चोरत नाही, कारण ते कोणाला दाखवता येत नाही.

मी आणि देवानंदने फाळका पायरीवर टेकवला. नत्थुजीने चष्मा पुसला. "एवढी परात?"

"फाळका आहे."

"मले काय, पत्रा तो पत्रा. देणाऱ्याचं का घेणाऱ्याचं?"

"देणाऱ्याचं," मी म्हटलं. फाळका मी दिला होता. मग मी खिशातून मजकूर काढला. दोन रात्री घालवून लिहिलेला, एकही फट नसलेला.

"सदर फाळका उद्धव हिंगणकर, दस्तलेखक, राहणार अकोट यांचा असून, तो अन्य कोणत्याही इसमाच्या नावे असलेल्या वाहनास लावलेला आढळल्यास चोरीचा समजण्यात यावा व सदर वाहन जागीच थांबवण्यात यावे."

खाली माझा फोन नंबर.

नत्थुजीने अक्षरं मोजली आणि म्हणाला, "इतलं तं लग्नपत्रिकेतही नसते." पण दोन दिवस बसून त्याने एकेक अक्षर मोत्यासारखं कोरलं. शेवटी सवयीने "यांजकडून सप्रेम भेट" सुरू केलं होतं, ते मी "यांज" वरच थांबवलं. देवानंदने कोरलेल्यात लाल रंग भरला. किसनरावांनी ओट्यावरून मोठ्याने वाचलं आणि एकतीस वर्षांत प्रथमच कोणाला तरी शाबासकी दिली.

संध्याकाळी रागिणी आली. वाचताना तिचे ओठ हलत होते.

"दादा, चोर हे वाचत बसला तं उजाडन."

"तेच तर."

"अन् माहं नाव कुठी हाये?"

"भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, वेडे."

ती हसली. किल्ली खुंटीला लावली. दोन दिवस फाळक्याला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तर मला वाटू लागलं, की हा मजकूर छापून सगळ्या तालुक्यात द्यावा.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेआठ.

"भाऊ," देवानंद फोनवर म्हणाला, "फाळक्यानं आपल्याले धरून देल्लं."

गाडी अमरावतीला निघाली होती. गच्च झेंडू. टपाच्या वर हातभर रचलेला, मागून फाळक्याने तोललेला. वर्षभराचा हाच एक दिवस. बारापर्यंत अमरावतीच्या बाजारात पोहोचला तर सोनं, चारला पोहोचला तर कचरा. अंजनगावच्या अलीकडे सणाच्या बंदोबस्तासाठी लावलेल्या नाक्यावर एका हवालदाराने गाडी हात करून थांबवली, कागद पाहिले, मग सहज मागे गेला आणि वाचू लागला.

त्याने पूर्ण वाचलं. हा धोका मी मजकूर लिहिताना धरला नव्हता.

"गाडी ताईच्या नावावर हाये ना भाऊ," देवानंद म्हणाला. "फाळका तुमच्या."

मी खुर्चीवर बसलो. सव्वीस वर्षं समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी पहिलं वाक्य म्हणतो, मालकीचा कागद दाखवा. भाऊ-भाऊ असोत, बाप-लेक असोत, कागद पाहिल्याशिवाय मी पेनाचं टोपण काढत नाही. आणि माझ्या दारात सहा महिने उभ्या असलेल्या गाडीचा कागद मी एकदाही पाहिला नव्हता. मला पाहावासाच वाटला नव्हता. गाडी आमची होती.

मी दप्तर उचललं. ओट्यावरून किसनराव उठले. उठले, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

"नऊला पाच कमी. नऊची अंजनगाव लागली असन. चाला!"

"काका, तुम्ही कशाला?"

"नाक्यावर थांबा नाई. तुमच्यासाठी कोणी बस थांबवन का?"

बसमध्ये वाहकाने सांगितलं, नाक्यावर थांबत नाही, अंजनगावला उतरा. किसनराव उभे राहिले. त्यांनी आपलं नाव सांगितलं नाही, हुद्दा सांगितला नाही. फक्त जुन्या आवाजात म्हणाले, "चालक, पुढच्या नाक्यावर दोन उतरतीन. वेळ लिहून घ्या." बस थांबली. चालकाने वेळ लिहूनही घेतली असावी.

*

नाक्यावर रांग लागली होती.

आधी मला वाटलं, गर्दी फाळका वाचायला जमली आहे. जवळ गेलो तर रागिणी गाडीच्या बाजूच्या फळीवर उभी होती, डोक्याला पदर गुंडाळून, तराजू हातात. येणारी-जाणारी मोटारसायकल थांबत होती. "अमरावतीले जाऊन घेता, त्यापरीस अठीच घ्या, ताजा हाये!" हवालदार रांग सरळ करत होता. गाडी ताब्यात होती, पण वाहतुकीला अडथळा व्हायला नको.

"आले का देणारे?" मला पाहून रागिणी म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता, पण आवाज हसरा होता. "दादा, दहा वाजले. चौथा हिस्सा अठी खपला. बाकीचा अठी नाई खपत. काय करतं ते लवकर कर."

हवालदार चष्म्याचा, पोक्त, सभ्य माणूस होता. "हे पाहा साहेब, मी तुमच्या बहिणीला चोर म्हणत नाही. फाळका म्हणतो." त्याने बोट ठेवून वाचून दाखवलं. "अन्य कोणत्याही इसमाच्या नावे. ह्या तुमच्यासाठी अन्य इसम आहेत की नाहीत?"

"माझी सख्खी बहीण आहे हो."

"मग तसं लिहायचं. अन्य कोणत्याही, असं लिहिलं तर त्यात सख्खीही आली." त्याला मजकूर पटला होता. इतका बारकाईने माझा मजकूर आजवर कोणत्याही वकिलाने वाचला नव्हता. रागवावं की आभार मानावेत, ते मला कळेना.

"मी मालक, मी सांगतो. चोरीचा नाही."

"तोंडी?"

हे वाक्य मी रोज दहा माणसांना म्हणतो.

"असं करू," तो म्हणाला. "फाळका इथे ठेवा, गाडी न्या."

"फाळका काढला तं झेंडू तुमच्या अंगावर येते, साहेब," देवानंद म्हणाला. आणि ते खरं होतं. फाळका मागून फुगला होता.

मी दप्तर उघडलं, बॉनेटवर कागद ठेवला आणि टोपण काढलं. त्याआधी मात्र रागिणीकडे हात केला. "कागद दाखव."

तिने गाडीचं पुस्तक दिलं. मी पहिल्यांदाच पाहिलं. मालक: रागिणी खारोडे. मग लिहिलं:

*

बक्षीसपत्र

लिहून घेणार: सौ. रागिणी खारोडे, वय एकेचाळीस, धंदा शेती व फुलविक्री, राहणार हिवरखेड.

लिहून देणार: उद्धव हिंगणकर, वय एकोणपन्नास, धंदा दस्तलेखन, राहणार अकोट.

कारणे बक्षीसपत्र लिहून देतो ऐसे जे की, लिहून घेणार ही माझी सख्खी धाकटी बहीण असून, तिच्यावरील प्रेमापोटी खाली वर्णन केलेली मिळकत मी तिला कायमची बक्षीस देत आहे.

मिळकतीचे वर्णन: लोखंडी फाळका, एक, कोरीव मजकुरासह. त्याच्या चतुःसीमा: वरच्या अंगास मोकळे आकाश. खालच्या अंगास बंपर. पुढच्या अंगास लिहून घेणार हिचा झेंडू. मागच्या अंगास सार्वजनिक रस्ता.

सदर मिळकतीवर माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही. त्यावर कोरलेला मजकूर लिहिताना लिहून देणार याने मालकीचा कागद पाहिला नव्हता, ही चूक सर्वस्वी त्याची आहे.

*

शेवटचं वाक्य कायद्याला लागत नव्हतं. ते हवालदाराने दोनदा वाचलं.

साक्षीदार म्हणून किसनरावांनी वेळेसह सही केली. दुसरी सही देवानंदने केली आणि खाली लिहिलं, "मी चोर नाही."

"नोंदणी?" हवालदाराने विचारलं.

"नोंदणी स्थावराला. ही जंगम मिळकत आहे. ताबा दिला की पुरतो."

"मग ताबा द्या. माझ्यासमोर."

आता आली पंचाईत. काढून हातात देता येत नव्हता. मी मागे गेलो आणि दोन्ही तळवे फाळक्यावर टेकले. आतून झेंडूचा दाब लागत होता, उबदार, एखाद्या मोठ्या जनावराच्या कुशीसारखा. "रागिणी, ये. हात ठेव." तिने तराजू खाली ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन आपले हात ठेवले. पिवळे झालेले, नखांत पाकळ्या असलेले हात.

मी माझे काढून घेतले.

"घेतला काय?" हवालदार म्हणाला.

"घेतला, बाप्पा," रागिणी म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, "भाऊबीज तं अजून लांब होती, दादा." आणि पदराने नाक पुसलं. झेंडूने तिला नेहमीच शिंका येतात.

रांगेतल्या एका माणसाने टाळी वाजवली. त्याला अर्धा किलो झेंडू घाईत हवा होता.

हवालदाराने कागद घडी करून वहीत ठेवला आणि अडथळा बाजूला केला. गाडी सुटताना तो माझ्या जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "साहेब, आमच्या दोघा भावांत वाटणीचं एक राहिलं आहे. चौथी बाजू जुळत नाही. कधी येऊ?"

मी म्हटलं, दसरा होऊ द्या. येताना मालकीचा कागद आणा.

*

गाडी पावणेबाराला अमरावतीच्या बाजारात पोहोचली. ह्याची वेळ किसनरावांनी फोनवर देवानंदला विचारून ओट्यावर खडूने लिहून ठेवली आहे.

संध्याकाळी ती रिकामी होऊन अकोटला आली तेव्हा अनुपमाच्या आधणात तिसऱ्यांदा पाणी पडलं होतं. देवानंदने खांबाजवळ गाडी उभी करून रागिणीकडे पाहिलं. उद्यापासून गाडी शेडमध्ये, की इथे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

"पाहते काय?" रागिणी म्हणाली. "लाव ना जागेवर."

तीन हिसके. ती आत आली, किल्ली खुंटीला लावली, कप घेतला. फाळक्याचं काय करायचं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, मजकूर तसाच राहू दे, वाचायला बरा आहे. फक्त नत्थुजीला सांगून "यांज"च्या पुढचं पूर्ण करून घे, आणि त्याखाली माझं नाव. आता फाळक्यावर दोघांचीही नावं आहेत. पोलीस तो वाचतात, हसतात आणि सोडतात. चोर अजून आलेला नाही.

किसनराव बाहेरून ओरडले, "सारं खरं बाई, पण लहान गाडी काहून घेतली ते काई तू सांगतलं नाई!"

रागिणीने बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली.

त्या रात्री अनुपमाने मला सांगितलं. गाडी घ्यायच्या आठ दिवस आधी रागिणी एका दुपारी अकोटला आली होती. मी कचेरीत होतो, किसनराव शेगावला. अनुपमाने टेपचं एक टोक विजेच्या खांबाला धरलं आणि रागिणीने दुसरं ओट्याला. चौदा फूट भरले. मोठी गाडी सोळा फूट लांब असते.